पाहुण्यांची गाडी चार्ज होईपर्यंत

आप्पा, तुम्ही जिथं बैल बांधायचा त्या भिंतीवर आता एक पांढरी पेटी बसवली आहे. तिच्यातून जाड काळी वायर निघते आणि ती आम्ही चारचाकीला लावतो. गाडी विजेवर चालते. तुम्हाला हे सांगताना थोडं ओशाळल्यासारखं होतंय, कारण तुमच्या हयातीत विजेवर आपली विहिरीवरची मोटारसुद्धा धड चालली नाही. तुमची निम्मी उमर लाइटीची वाट बघण्यात गेली. लाइट यायची ती अवेळी, गाव झोपल्यावर. मग हातात बॅटरी आणि खांद्यावर घोंगडी घेऊन तुम्ही उसाला पाणी द्यायला निघायचा आणि सकाळी परत यायचा ते वीज कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतच. आता ऐका. आताशा वीज कंपनी फोनवर मेसेज पाठवून आमच्या विनवण्या करते, की बाबांनो, दिवसा वीज वापरा, ऊन आहे तोवर वापरा, बिलात सवलत देतो. त्यासाठी नवा मीटर बसवून दिलाय. वीज किती ओढली एवढंच नाही, कुठल्या वेळेला ओढली तेही त्याला कळतं. दुपारी म्हणे उन्हाची वीज इतकी तयार होते की ती खपवायची कुठं, याचाच त्यांना घोर लागलाय.

हे ऐकून गावातली माणसं म्हणाली, कंपनीला आपला कळवळा आला. तुम्ही असता तर हसला असता. आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे तेव्हा शेतकरी त्यांना बोलवायचे, आमच्या रानात रातभर मेंढरांचा वाडा बसवा, ज्वारी देतो. देताना उपकार केल्यासारखं तोंड करायचे, पण त्यांना हवं असायचं लेंडीखत. तुम्ही सांगायचा, ‘कुनी सवस्तात बोलावलं की आधी त्येचं काय अडलंय ते बघावं, मग जावं.’ कंपनीचं दुपारचं अडलंय आणि आपली गाडी तिच्या रानात बसते, एवढाच हा व्यवहार. मीटर बसवायला आलेल्या माणसाला मी मेंढरांची ही सगळी गोष्ट समजावून सांगितली. त्यानं ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, “काका, इथं सही करा.”

आई अजून तशीच आहे, ठणठणीत. सवलतीचं वेड सगळ्यात जास्त तिलाच लागलं. तिला घड्याळ कळत नाही, पण ऊन कळतं, आणि सवलत उन्हाची आहे म्हटल्यावर कंपनीचा कारभार तिनं आपल्या हातात घेतला. मिक्सर लावायचा तर उन्हात, कपड्यांचं मशीन उन्हात, इस्त्री उन्हात. एकदा हिनं दिवेलागणीला शेंगदाण्याची चटणी वाटायला घेतली, तर आईनं तिच्याकडं असं बघितलं की जणू ग्रहणात भाजी चिरायला बसलीय. गाडीचंही तेच. मी आणि तुमची नात रोज त्याच गाडीनं रांजणगावला एमआयडीसीत जातो, मी एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आणि ती दोन गेट सोडून दुसऱ्या कंपनीत, क्वालिटीत. त्यामुळं गाडी चार्ज होते ती सुट्टीच्या गुरुवारी, आणि पहिल्या पाळीवरून आलो की उरलेल्या उन्हात. मी हातपाय धुवायच्या आधी आई विचारते, “गाडीला लावलं का? ऊन चाललंय.”

तुमची नात तुम्ही बघितली नाही. तुम्ही गेल्यावर झाली. नाक आईचं आहे आणि जीभ तुमची, म्हणजे काय ते समजून घ्या. तिच्यासाठी आम्ही स्थळं बघत होतो. मुलगा येतो, पोहे होतात, मग दोघांना गच्चीवर पाठवतात, पाण्याच्या टाकीजवळ ती दहा मिनिटं उभी राहतात, आणि खाली आली की सगळे तिच्या तोंडाकडं बघत बसतात. दोन-तीन वेळा तिनं नको म्हणून सांगितलं. एक दिवस सकाळी गाडीत मी जरा चिडून विचारलं, की तुला हवं तरी काय? ती म्हणाली, “पप्पा, ही गाडी घ्यायच्या आधी तुम्ही काय काय केलं ते आठवतंय का? एमआयडीसीतल्या दिसंल त्या गाडीवाल्याला थांबवून विचारलं. दोघांच्या गाड्या चालवून बघितल्या. शोरूममध्ये नवी पँट घालून गाडीखाली आडवं झाला. आन् माझ्या जन्माचं दहा मिनिटांत ठरवायचं, टाकीजवळ उभं राहून?” मी म्हणालो, आमच्या वेळी तेवढंही नव्हतं. त्यावर तुमच्या जिभेनं ती म्हणाली, “म्हणूनच तुम्हाला आईला काय आवडतं ते अजून म्हाईत न्हाई.” घरी आल्यावर मी हिला विचारलं, तुला काय आवडतं गं? ती कणिक मळत होती. म्हणाली, “आज काय झालंय तुम्हाला?” म्हणजे पोरगी बरोबर बोलत होती.

मग हे स्थळ आलं. मुलगा चाकणला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, राहायला पुण्याला, आईवडील करमाळ्याकडं. वडील एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. गुरुवारी सकाळी येतो म्हणाले. आईनं लगेच हिशेब लावला की गुरुवार, ऊन, सवलत, सगळं जुळतंय, हे लग्न होणार. मुलगा आदल्या दिवशी आईवडिलांना आणायला गावी गेला होता. त्याचीही गाडी विजेवरची. गावी नेमकी लाइट गेलेली, म्हणून ती भरली नाही. वाटेत हायवेला ढाब्यावर चार्जर होता, तिथं थांबू म्हणाला तर वडील म्हणाले, ‘पोरगी बघाया निघालोय, ढाब्यावर काय थांबतो? पाहुण्यांच्या दारात हाय की.’ असे ते चौफुल्यावरून आत वळून, नदी ओलांडून, शेवटच्या घोटावर आपल्या दारात आले. गाडी आल्याचा आवाजच झाला नाही. ही केस विंचरत होती, ती तशीच पदर सावरत आत पळाली.

पाहुणे अजून चपला काढत होते तोवर आई ओट्यावरून म्हणाली, “आपली गाडी काढ भाइर, त्येंच्या गाडीला आधी लाव. मग च्या.” आप्पा, तुमचंच हे. मी लहान होतो तेव्हाची एक दुपार मला आठवते. कुणी पाहुणे बैलगाडीनं आलेले, बैल दारात धापा टाकत उभे, आणि मी शाळेतून येऊन सरळ माठाकडं गेलो. तांब्या तोंडाला लावणार, तोच तुम्ही तो हातातून काढून घेतला. मारलं नाही, आवाज चढवला नाही, म्हणालात, “मानूस मागून पितंय. जे मागत न्हाई, त्येला आधी.” मी दोन बादल्या बैलांपुढं ठेवून मग पाणी प्यालो. ती गोष्ट आईनं आता गाड्यांना लावली आहे. दूधवाल्याची विजेवरची स्कूटर असली तरी ती आधी विचारते, हिला काय लागतंय का?

तर मी आपली गाडी बाहेर काढली, पाहुण्यांची लावली, आणि खिशातला फोन काढला. आता नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. ही पेटी फोनवरून चालवता येते. मोटारीचं पाणी कमी-जास्त सोडावं तसं हिच्यातून वीज कमी-जास्त सोडता येते. सगळी सोडली तर पाहुण्यांना पुण्याला जाण्यापुरती गाडी दीड-दोन तासांत भरली असती. पोहे, चहा, गच्ची, नारळ, आणि निघाले असते. मी बत्तीसवरचा आकडा खाली आणून दहावर ठेवला. म्हणजे संध्याकाळ. का केलं, तर पोरीचं ते बोलणं माझ्या मनाला लागलं होतं. म्हटलं, घे बाई, टाकीजवळची दहा मिनिटं नकोत ना तुला, मग हा घे अख्खा दिवस.

युक्ती माझी नाही, तुमची आहे. तुमच्या लेकीचं, आक्काचं स्थळ बघायला तुम्ही नदीपलीकडं राहू गावाला गेला होता तेव्हा मी बरोबर होतो. नदीच्या उतारावर गाडी थांबवून तुम्ही खाली उतरलात, बैलाचा पाय उचलून बघितल्यासारखं केलंत, आणि मला म्हणालात, “तिथं ह्यो लंगडतोय म्हनून सांगायचं.” बैल चांगला होता. मी का म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, “पाहुना घंटाभर समद्यास्नी ग्वाड लागतोय. चार घंटं बसला की मग घर बोलाया लागतं.” आणि खरंच तुम्ही तिथं दिवस मावळेपर्यंत बसलात. तिसऱ्या प्रहरापर्यंत त्या घराचं गोड बोलणं संपलं, होणाऱ्या सासूबाई आपल्या जावेवर खेकसल्या, म्हातारा तंबाखूवरून भांडला, आणि ज्याच्यासाठी गेलो होतो तो मुलगा मात्र न सांगता आपल्या बैलांना पाणी दाखवून, लंगड्या म्हटलेल्या पायाला हळद लावून आला. चांगल्या पायाला. मी हसू दाबून बसलो होतो. परत येताना तुम्ही नदीपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. आईनं विचारलं तेव्हा म्हणालात, “घर चांगलं हाय,” आणि न जेवता गोठ्यात जाऊन बसलात. मला वाटलं, तिथला चहा तुम्हाला आवडला नाही.

आपल्याकडं पोहे झाले. मुलगा प्रत्येक गोष्टीला छान म्हणत होता. पोहे छान, घर छान, रस्ता छान. आपल्या रस्त्याला छान म्हणणारा माणूस खोटं बोलतोय हे शेंबड्या पोरालाही कळेल. त्याचे वडील कडक इस्त्रीच्या शर्टात ताठ बसलेले, आई पदर डोक्यावरून घसरू देत नव्हती. दोघं गच्चीवर गेली, दहा मिनिटांनी खाली आली, आणि नेहमीप्रमाणं सगळ्यांनी तिच्या तोंडाकडं बघितलं. ते कोरं होतं. वडील उठले, टोपी घातली, म्हणाले, “बरं, निघतो आमी. कळवू.” मुलानं फोन बघितला आणि म्हणाला, “आण्णा, ॲक्च्युअली गाडीला संध्याकाळ होईल.”

“सांज?” वडील उभेच राहिले. “आरं, दुपार बी न्हाई झाली अजून. म्या जलम गाडी चालवली. गाडी मानसाची वाट बघती, मानूस गाडीची न्हाई.” एसटीची वाट बघण्यात ज्यांचा जन्म गेला ते आम्ही सगळे यावर गप्प बसलो. ते बाहेर गेले, पेटीभोवती फिरले, वायर हलवून बघितली, पेटीवर दोन थापा मारल्या, मग मला म्हणाले, “पाहुनं, हिला एक धक्का मारून बघू का?” मुलगा त्यांच्यामागं आला होता. त्यानं आपला फोन बघितला, मग पेटीकडं बघितलं, मग माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं, आणि वडिलांना म्हणाला, “खेड्यात व्होल्टेज कमी असतं, आण्णा.” आपल्याकडच्या व्होल्टेजची अशी बदनामी एरवी मी ऐकून घेतली नसती. आई ओट्यावरून म्हणाली, “आवं, जनावर दमल्यालं हाय. खाऊ द्या त्येला. आन् तुमी बी जेवा.”

आता स्वयंपाकघरात काय झालं ते मी दारातून बघितलेलं सांगतो. हिनं बेत केला होता पोह्यांचा. चांगले कप काढले होते, काजू घातले होते, आणि आता सात माणसांचं जेवण. तिनं मला आत बोलवून दातओठ खात विचारलं, “एवढी महाग पेटी घेतली ती अशी चालती व्हय?” मी व्होल्टेजचं नाव पुढं केलं. तेवढ्यात मुलाची आई आत आली, पदर कमरेला खोचला, परात ओढली आणि म्हणाली, “सरा वैनी. तुमी पिठलं बघा, भाकरी म्या थापते.” पहिल्या भाकरीला दोघी एकमेकींना ‘अहो, राहू द्या ना’ म्हणत होत्या. चौथ्या भाकरीपर्यंत नवऱ्यांवर आल्या. तिनं सांगितलं, रिटायर झाल्यापासून हे घरात बसून सारखे स्टॉप विचारतात, कुठं निघालीस, कधी येणार, मधे कुठं थांबणार. ही खो खो हसली. आप्पा, मी हिला असं हसताना बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. मग मुलाची आई म्हणाली, “माझ्या पोराला म्याच सांगून आनलंय, कमी बोल, समद्याला छान म्हन. वांगं बगितलं की त्वांड फिरवतोय, ते बी सांगून ठिवते.” मी वांग्याचं मनात नोंदवून ठेवलं.

जेवण झाल्यावर राहूसारखंच सगळं घडत गेलं. इस्त्रीचा शर्ट खुंटीवर गेला आणि ड्रायव्हरसाहेब बनियनवर ओट्यावर आडवे झाले. झोपेतही ते मधूनच उजवा पाय दाबत होते, बहुधा ब्रेकवर. बायका आत शेंगा फोडत बसल्या. आई मुलाच्या आईला सवलतीचं ऊन समजावून सांगत होती आणि त्या माउलीनं गावाकडं असा मीटर मिळतो का म्हणून दोनदा विचारलं. आणि दोघा पोरांना करायला काही उरलंच नाही. गच्ची झाली होती, घर दाखवून झालं होतं, ऊस बांधावरूनच दाखवावा लागला, कारण हल्ली उसात बिबट्या बसतो. शेवटी दोघं गोठ्यात कडबाकुट्टीच्या मशीनजवळ सावलीला बसली, आणि थोड्या वेळानं तिथून आवाज चढलेले ऐकू आले.

मी उठलो आणि उगाच पेंडीची गोणी इकडची तिकडं करत गोठ्याच्या भिंतीला जाऊन उभा राहिलो. ती म्हणत होती, “नोकरी सोडणार न्हाई, आन् रोज चाकणवरून रांजणगाव मी करणार न्हाई.” तो म्हणाला, “मग काय मी रोज रांजणगाववरून चाकण करू?” ती म्हणाली, “का? रस्ता एकाच अंगानं चालतोय का?” आत शेंगा फोडायचा आवाज थांबला. हिनं खिडकीतून माझ्याकडं असं बघितलं की जणू हे भांडण मीच लावून दिलंय. मी हातातली गोणी खाली न ठेवता तसाच उभा. मग मुलाचा आवाज आला, “शिक्रापूर? मधोमध पडतं.” ती म्हणाली, “शिक्रापूरला लय ट्रॅफिक असतं.” तो म्हणाला, “ते दोघांनाबी सारखंच.” यात ‘ॲक्च्युअली’ नव्हतं आणि ‘छान’ही नव्हतं. ती हसली. मोठ्यानं, घरात हसते तशी. मी गोणी होती तिथं परत ठेवली. आई आतून ओरडली, “भांडून झालं आसंल तर च्या घ्या.”

दुपार कलली तेव्हा मी पेटीजवळ उभा होतो. मुलगा चहाचा कप घेऊन शेजारी येऊन उभा राहिला. दोघंही पेटीकडं बघत राहिलो. तो म्हणाला, “काका, ॲक्च्युअली हा चार्जर बत्तीसचा आहे.” मी म्हणालो, असेल. तो म्हणाला, “दहावर चाललाय. सकाळी लावला तेव्हाच फोनवर दिसलं मला.” या वयात चोर म्हणून पकडलं जायची मला सवय नाही. मी विचारलं, “मग बोलला का न्हाईस?” त्यानं कपात बघत सांगितलं, “मला वाटलं, बरं झालं. याआधी दोन ठिकाणी जाऊन आलोय. दहा मिनिटं गच्चीवर उभं करतात. मुलगी नखं बघत राहते, मी टाकी बघत राहतो. एक पाचशे लिटरची होती, एक हजारची. बाकी मला कुणाचंच काही कळलं नाही.” कप रिकामा करून म्हणाला, “आण्णांना मात्र सांगू नका. ते म्हणतील, गाडीच बोगस आहे.” मी म्हणालो, “न्हाई सांगत.” आणि त्याच्यासमोरच फोन काढून आकडा बत्तीसवर नेला. लपवायचं आता उरलं काय होतं?

उतरत्या उन्हात ते निघाले. आईनं गाडीच्या पुढच्या पत्र्याला कुंकू लावलं, मुलाच्या आईची ओटी भरली, आणि गाडीकडं बघून समाधानानं म्हणाली, “ऊन जायच्या आत भरली बघा.” ड्रायव्हरसाहेब शर्टाची बटणं लावत मला म्हणाले, “पाहुनं, तुमचं व्होल्टेज सुधारा. बाकी समदं झ्याक हाय.” आणि त्यांच्या बायकोनं खिडकीतून हात काढून हिला विचारलं, पिठल्याला लसूण किती घातला होता. गाडी आवाज न करता वळणावरून गेली. हिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “बाई चांगली हाय.” मुलाबद्दल कुणीच काही बोललं नाही, कारण ते बोलायचा मान एकट्या पोरीचा होता आणि ती भांडी घासायला बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नेहमीसारखे कामावर निघालो. रोज ती शेजारच्या सीटवर बसून माझ्या ब्रेक मारण्यात खोड काढते, फोनवरच्या बातम्या वाचून दाखवते, डब्यातली पोळी अर्धी मोडून मला देते. त्या दिवशी काहीच नाही. मी रस्त्याकडं बघत गाडी चालवत होतो आणि मनातल्या मनात मुलाचा एकेक अवगुण मांडत होतो. वांगं खात नाही. ॲक्च्युअली फार म्हणतो. यापुढं माझी गाडी जाईना. न्हावरा गाव मागं पडलं तेव्हा ती म्हणाली, “पप्पा, होकार कळवा.” मी म्हणालो, बरं. ती म्हणाली, “तुम्ही खूश हाय ना?” मी म्हणालो, व्हय की. मग ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, “पेटीचं ॲप माझ्या पण फोनमध्ये आहे. तुम्हीच टाकून दिलं होतं. काल सकाळीच बघितलं मी, दहावर केलेलं.” आणि माझ्या हातावर, दोन सीटांच्या मधे होता त्या हातावर, हात ठेवून म्हणाली, “थँक्यू. माझं ऐकलंत.”

आप्पा, हे कागद मी फाडून टाकणार आहे. पोस्टाला तुमच्याकडचा रस्ता ठाऊक नाही, आणि घरात ठेवले तर हिच्या हाती लागतील, मग पेटीबद्दल तिनं मला जे ऐकवलं ते पुन्हा व्याजासकट ऐकावं लागेल. लग्न होईल. शिक्रापूरला दोघं जागा बघतायत, दारात गाडीला वायर लावता येईल अशी. आई तिकडं कुठल्या बाजूनं ऊन येतं ते विचारत असते. सगळी आनंदात आहेत आणि ज्याला त्याला सांगतायत, की बापानं पोरीचं ऐकलं. ती थँक्यू म्हणाली तेव्हाच मला सांगायचं होतं आणि सांगता आलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. तिला वेळ मिळावा म्हणून मी आकडा खाली आणला, हे खरं आहे, पण निम्मंच. एवढ्या वेळात त्या पोराची काहीतरी खोट बाहेर येईल आणि ती नको म्हणेल, या आशेवर मी दिवसभर त्याच्यावर पाळत ठेवून होतो. खोट निघाली नाही, आप्पा, आणि मला फार वाईट वाटलं.